साहेबाच्या कुत्र्यांची बिस्किटं

लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. गोंदियाला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं किराण्याचं दुकान होतं. आम्ही मूळचे शेतकरी. पूर्वज कधीकाळी माळव्यातून आलेले, गोरेगावजवळ धानाची शेती. ती थोरल्या काकांवर सोपवून वडिलांनी गोंदियाला दुकान टाकलं. मी तेव्हा पंचविशीत होतो आणि दुकान जवळजवळ माझ्याच हातात आलं होतं. रेल्वेचे बंगले जवळ असल्यामुळे इतर किराणेवाल्यांकडे नसलेला माल आम्ही ठेवत होतो. डब्याचं दूध, मुरंबा, बुटाचं पॉलिश, मेणबत्त्या.

वडिलांचा कुठल्याच मालावर विश्वास नव्हता. साखरेच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून ते तळची साखर वर काढत. चहाची पेटी पूर्ण उपसून बघत. व्यापारी हसतमुख असला की ते आणखी गप्प होत. तो स्वभाव माझ्यातही उतरला होता. फरक एवढाच की ते मालावर संशय घ्यायचे आणि मी माणसांवर.

बंगल्यांत एक इंजिनिअर साहेब होता. त्याच्या मडमेने दोन कुत्रे पाळले होते. एक तपकिरी, उंच, शिकारीचा. दुसरा पांढरा, केसाळ, मांजराएवढा. एक दिवस तिचा बटलर चिठ्ठी घेऊन आला. बाईंना कुत्र्यांची बिस्किटं हवी होती, दर महिन्याला. आजवर ती कलकत्त्याहून पार्सलने मागवत होती, पण पार्सल वेळेवर येत नव्हतं.

कुत्र्यासाठी वेगळं बिस्किट असतं हे मला ऐकून माहीत होतं, पण पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे कुत्रा म्हणजे दारात शिळी भाकर खाणारा. बटलर परतल्यावर वडिलांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी विचारलं, त्या बिस्किटात असतं काय? मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, आधी ते शोध, मग माल ठेव.

मी दोन ठिकाणी पत्रं टाकली आणि पंधरा दिवसांत दोन माणसं आली.

पहिला कामठीचा एक बेकरीवाला. पत्र्याची साधी पेटी घेऊन आला, आत कागद अंथरलेला आणि त्यावर जाड, काळपट, चौकोनी बिस्किटं. मी विचारायच्या आधीच त्याने सगळं सांगून टाकलं. गव्हाचा कोंडा, जाडं पीठ, मटणाचं पाणी, बकऱ्याच्या हाडांची भुकटी. दीड महिना टिकतं, पावसाळ्यात तेवढंही नाही. एवढं मोकळेपणाने स्वतःच्या मालाचे दोष सांगणारा व्यापारी मी पाहिला नव्हता. मला वाटलं, हा छोटी गोष्ट कबूल करून मोठी लपवतो आहे. बकऱ्याचं म्हणतो, पण हाड कोणाचं ते कोण बघायला गेलं? वडिलांनी तर 'हाड' शब्द ऐकताच पेटी पायरीखाली ठेवायला लावली. ज्या ताजव्यात साखर मोजतो, त्याच्या शेजारी हाडाचा माल चालणार नाही, म्हणाले.

दुसरा एजंट होता. कोट, टोपी, हातात कातडी बॅग. कलकत्त्याच्या मोठ्या पेढीकडून आलोय म्हणाला. त्याचा डबा सुंदर होता. त्यावर बसलेल्या कुत्र्याचं रंगीत चित्र, इंग्रजी अक्षरं आणि झाकण कडेने कथील वितळवून झाळून बंद केलेलं. आत काय आहे असं मी विचारलं, तर तो हसून म्हणाला, "शुद्ध गेहूं है सेठजी, और कुछ नहीं."

त्याने नमुन्याची चार बिस्किटं दिली. मी दोघांचेही नमुने दुकानासमोरच्या गावठी कुत्र्यापुढे टाकले. त्याने कामठीचं बिस्किट कडाकडा चावून खाल्लं. एजंटचं हुंगलं, चाटलं आणि सोडून दिलं. वडील हे ओट्यावरून पाहत होते. त्यांना एजंटचा माल पटला नाही. पण मी म्हणालो, उकिरड्यावरच्या कुत्र्याला हाडाचीच चव, त्याला विलायती गव्हाची काय कळणार? वडिलांपुढेही अडचण होती. एकात हाड आहे हे माहीत होतं, दुसऱ्यात नाही असं निदान कोणी सांगितलं होतं. शेवटी ते म्हणाले, "तुझ्या मनाने कर." आम्ही एजंटचे सहा डबे घेतले आणि मागच्या खोलीत, तेलाच्या पिंपापलीकडे वेगळ्या फळीवर ठेवले.

पहिला डबा न्यायला बटलर आला नाही. कुत्तेवाला आला. त्या दोन कुत्र्यांचं सगळं एक म्हातारा माणूस बघत होता. आमच्याच भागातल्या, अर्जुनीकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या एका खेड्यातला, वर्षानुवर्षं बंगल्याच्या मागच्या खोलीत राहणारा. सगळे त्याला कुत्तेवाला बाबाच म्हणत. तो रोज सकाळी मिलमधली कनकी, म्हणजे तांदळाचा चुरा, आणून मटणाच्या हाडांबरोबर शिजवायचा आणि कुत्र्यांना घालायचा. बिस्किटं आली की ते काम जाणार, हे मला उघड दिसत होतं. म्हणून तो दुकानात शिरला तेव्हाच माझं मन सावध झालं.

त्याने डबा हातात घेतला, कानाशी हलवला, मग मला तो उघडायला सांगितला. मी म्हणालो, सीलबंद माल आहे, बाईंसमोर उघडा. तो नमुन्याचं उरलेलं बिस्किट मागून घेऊन हुंगत राहिला.

"हे नको देऊ बापू," तो म्हणाला. "याले खवट वास येऊन राह्यला."

मी त्याला विचारलं, वास बिस्किटाला येतोय की बिस्किटं आल्यावर तुझं काय होईल त्याला? त्याने बिस्किट ओट्यावर ठेवलं. डबा काखेत धरून निघून गेला.

आठ दिवसांनी बटलर मला बोलवायला आला. शिकारी कुत्रा दोन दिवसांपासून ओकत होता. मी बंगल्यावर गेलो तेव्हा तो व्हरांड्यात गोणपाटावर आडवा पडला होता आणि म्हातारा त्याच्या तोंडाशी पाण्याची वाटी धरून बसला होता. साहेब आणि बाई खुर्च्यांवर होते. मला खुर्ची नव्हती. साहेबाने मोडक्या हिंदुस्तानीत विचारलं, क्या दिया?

मी घाबरलो होतो, हे आज सांगायला हरकत नाही. रेल्वेचे सगळे बंगले एका साहेबाच्या शब्दावर आमचं दुकान सोडू शकत होते. मी म्हणालो, डबा कारखान्यातून बंद आला, बंदच दिला. उघडतो कोण, खायला घालतो कोण, ते विचारा. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढे मी हेही सांगितलं, की हा माणूस दुकानात येऊन या बिस्किटांना नावं ठेवून गेला होता आणि ती बंद झाली तर फायदा त्याचाच आहे.

बाईने म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून कुत्र्याच्या ओठांवरची लाळ पुसत होता. त्याने स्वतःच्या बाजूने एक शब्द काढला नाही आणि माझ्या दृष्टीने तो त्याचा कबुलीजबाबच होता. त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. दुपारी तो गाठोडं घेऊन आमच्या दुकानावरून स्टेशनकडे गेला. त्याने दुकानाकडे बघितलं नाही.

वडिलांना मी बंगल्यातलं सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, तू डबा उघडून पाहिलास का? मी म्हणालो, सील तोडलं तर माल विकायचा कसा?

म्हातारा गेल्यावर शिकारी कुत्र्याने चार दिवस काहीच खाल्लं नाही आणि त्यामुळेच तो वाचला असावा. पण त्या चार दिवसांत लहान पांढरा कुत्रा आजारी पडला. बटलर त्याला वेळेवर, मापाने, त्याच डब्यातली बिस्किटं घालत होता. पाचव्या दिवशी तो मेला. बटलर दुकानात येऊन हे सांगून गेला. आता तर म्हातारा तिथे नव्हता.

मी मागच्या खोलीत जाऊन एक डबा उचलला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. झाकणाच्या कडेला झाळ दोनदा दिलेली होती. जुन्या काळ्या झाळीवर नवी, चकचकीत. चित्राचा कागद एका कोपऱ्यात सुटला होता, तो ओढला तर खाली दुसरा कागद, दुसऱ्याच कसल्या तरी मालाचा. मी डबा फोडला. वरच्या थरात बिस्किटं बरी होती. खाली रंग वेगळा, आकार वेगळा, मधे कोळ्याच्या जाळ्यासारखी किड्यांची जाळी. आणि वास. खवट, जुन्या चरबीचा. शुद्ध गव्हाला चरबीचा वास कुठून येणार? कुठली कुठली परत आलेली, कुजलेली बिस्किटं गोळा करून त्या माणसाने रिकाम्या डब्यांत भरली होती. उरलेले चार डबेही तसेच निघाले. नंतर त्याच्या पत्त्यावर लिहिलेलं माझं पत्र परत आलं.

वडिलांनी वास घेतला आणि बाहेर जाऊन बसले. संध्याकाळी म्हणाले, डबे पुरून टाक आणि गप्प राहा. तुझ्यावर कोणाचा संशय नाही, तो ओढवून घेऊ नको. आयुष्यभर मालात हात घालून खोटं शोधणारा माणूस हे सांगत होता. मी त्या रात्री काही ठरवलं नाही, पण सकाळी फोडलेला डबा फडक्यात बांधून बंगल्यावर गेलो.

साहेबाने डबा पाहिला, मला पाहिलं. मी सांगितलं, चूक मालाची होती, म्हाताऱ्याची नव्हती. मग त्याने विचारलं, तुला काय पाहिजे? त्याला वाटलं मी बक्षीस मागायला किंवा दुसरा माल खपवायला आलोय. मी काही नको म्हणालो, तेव्हा त्याचा संशय आणखी वाढलेला दिसला. शेवटी एवढंच म्हणाला, की म्हातारा परत आला तर हरकत नाही. त्याला बोलवायला मात्र कोणी जाणार नव्हतं.

म्हणून मी गेलो. चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीने अर्जुनीपर्यंत, पुढे बैलगाडीने आणि शेवटचं पायी. प्रतापगडाचा डोंगर समोर दिसत होता. म्हातारा पुतण्याच्या घराच्या अंगणात दोर वळत बसला होता. मला पाहून पुतण्या दारात येऊन उभा राहिला. बंगल्यातलं काही गेलं म्हणून मी शोधायला आलो, असं त्याला वाटलं. त्याने काही न विचारता म्हाताऱ्याचं गाठोडं माझ्यासमोर आणून सोडलं. आत एक धोतर, एक घोंगडी आणि कुत्र्याचे केस विंचरायची फणी होती.

म्हाताऱ्याने विचारलं, "कुत्रे जगले काय?"

मी सांगितलं, मोठा जगला. लहान गेला. तो दोर वळायचा थांबला. मग मी डब्यांचं सगळं सांगितलं, मी बंगल्यावर काय बोललो होतो तेही. त्याला ते माहीतच होतं, तो तिथेच बसला होता. तरी मी ते पुन्हा सांगितलं.

"मी सांगतलो तवा तू माह्याकडं पाह्यलास," तो म्हणाला. "डब्यात नाही पाह्यलास."

मी त्याला परत यायला विनवलं. त्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही. पुतण्याने मला पाणी दिलं, जेवायला थांब म्हणाला नाही. मी तसाच परत निघालो.

वीस-बावीस दिवसांनी तो गोंदियाला आला आणि बंगल्यावर रुजू झाला. माझ्यासाठी नव्हे, त्या कुत्र्यासाठी आला, हे मला कळत होतं. पुन्हा कनकी आणि हाडं सुरू झाली. मिलमधून आणण्याऐवजी कनकी आमच्याकडून न्या, असा निरोप मी पाठवला. तो आला, पण मला आता बापू म्हणत नव्हता, सेठ म्हणत होता. पोत्याचं तोंड उघडायला लावायचा, मूठभर कनकी तळातून काढून ओट्यावर पसरायचा, खडा-किडा बघायचा आणि मगच मोजायला सांगायचा. वडिलांना त्याचं फार कौतुक वाटायचं. ते त्याच्यासाठी चहा मागवायचे. म्हातारा तो ओट्यावर न बसता उभ्यानेच प्यायचा.

कामठीच्या बेकरीवाल्यालाही मी पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं, की तुमच्या दुकानातल्या बिस्किटांनी कुत्रा मेल्याचं ऐकलं, तेव्हा माझा माल तुमच्या फळीवर ठेवायची माझी इच्छा नाही. वाईट वाटलं, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

लढाई सुरू झाल्यावर साहेबाची बदली झाली. कुत्रा म्हातारा झाला होता, लांबचा प्रवास त्याला झेपला नसता, म्हणून बाईने तो म्हाताऱ्याला दिला. ते दोघे छोट्या गाडीने जायला निघाले त्या दिवशी मी पाच शेर कनकी बांधून प्लॅटफॉर्मवर गेलो. कुत्रा डब्यात चढेना. म्हाताऱ्याने त्याला पोटाखालून उचललं, तेव्हा मागचे पाय मी धरले. एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते एकच काम. त्याने कनकीची पिशवी उघडून पाहिली, पुन्हा बांधली आणि बाकाखाली सरकवली.

"जाय सेठ," तो म्हणाला. "दुकान उघडं पडलं असन."