खुबा मोडला तेव्हा

देवीवर रागवायला फार हिंमत लागत नाही. अंग दुखत असलं की ते आपोआप जमतं. गेल्या वर्षी मी एकवीरा आईवर असा राग धरला होता की तिचं नावही तोंडातून निघेना.

आम्ही घणसोली गावातले. आमचं बैठं घर पाडून तिथे इमारत झाली, समोर दुसरी उभी राहिली आणि माझ्या खोलीत ऊन यायचं बंद झालं. नवरा गेल्यापासून मी फारशी बाहेरही पडत नसे. हळूहळू कंबर आणि मांड्या दुखायला लागल्या. बसल्या जागेवरून उठताना कशाला तरी धरावं लागे. जवळच्या डॉक्टरकडे गेले की तो मान वर न करता म्हणे, "मावशी, वय झालं आता," आणि दुखण्याची गोळी लिहून देई. असे किती महिने गेले. माझं रक्त तपासावं असं त्याला एकदाही वाटलं नाही. त्याचा मला आजही संताप येतो.

एके सकाळी स्टुलावरून उठताना मांड्यांनी साथ दिली नाही. पडणं साधंच होतं, पण उजवा खुबा मोडला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशन लवकर करा. माझा मुलगा आणि थोरले दीर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून माझ्याबद्दल बोलत होते, जणू मी तिथे नव्हतेच.

"या वयात कशाला चिरफाड?" दीर म्हणाले. "घरी पडून राहील. आपन करू तिचं."

मुलगा घाबरून नुसता ऐकत होता. पडून राहणं म्हणजे काय ते मी पाहिलं होतं. माझी सासू अशीच खुबा मोडून पडली आणि पाठीला जखमा होऊन गेली. मी डोळे मिटले. आई, एवढी वर्षं तुझी ओटी भरली, ती याच्यासाठी?

तेवढ्यात वॉकर टेकत एक बाई दारात आली. माझ्याहून म्हातारी. एक्स-रेची खोली शोधताना चुकली होती. माझ्याकडे बघून तिने काय झालं ते विचारलं, दिरांनी सांगितलं.

"माझाही मोडला होता," ती म्हणाली. "मलाही घरीच निजवणार होते." मग माझ्या मुलाकडे वळली. "आईला विचारलंस का, तिला काय पाहिजे?"

मुलगा जवळ आला, त्याचा चेहरा उतरला होता. "आई, काय करू?"

"ऑपरेशन कर. मला चालायचंय."

दीर पुटपुटले, पण मुलगा डॉक्टरबाईंकडे गेला. मी डोळे पुसून पाहिलं, बाई निघून गेली होती. नंतर सुनेने तिची चौकशी केली, कोणाला ती आठवेना. एवढ्या गर्दीत नसेल आठवत. मी त्यावर वाद घालत नाही.

ऑपरेशननंतरच्या तपासण्यांत कळलं, व्हिटॅमिन डी जवळजवळ नव्हतंच, हाडं ठिसूळ झाली होती. वय होतं, पण नुसतं वय नव्हतं.

आता औषध चालू आहे आणि काठी घेऊन मी देवळापर्यंत जाते. शरण जाणं म्हणजे निमूट सोसणं, असं मला वाटायचं. पण डोकं ठेवायचं ते आईच्या पायांवर, माझ्यासाठी परस्पर ठरवणाऱ्यांच्या नाही. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि तो जावा असं मी तिच्याकडे मागतही नाही. मागते एवढंच, की पलंगावर पडलेल्या कुठल्याही म्हातारीला आधी कोणीतरी विचारावं.