टीव्हीवर गेलेलं माझं मत

गेल्या आठवड्यात मी टीव्हीवर आले. अभिनंदन नका करू... आधी पूर्ण वाचा.

मँचेस्टरला ऑफिसमधून लंचला बाहेर पडले होते. ट्रॅम स्टॉपपाशी एक मुलगी मायक्रोफोन घेऊन उभी, सोबत कॅमेरावाला. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रायमरीज, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या राज्यवार निवडणुका, सुरू झाल्यात, पहिल्या राज्याचा निकाल त्या दिवशी सकाळीच आला होता, आणि इथल्या लोकांना त्याबद्दल काय वाटतं ते त्यांना हवं होतं. जिंकलेला उमेदवार बाहेरून आलेल्यांविरुद्ध भाषणं ठोकतच पुढे आलेला... त्यामुळे आमच्या ऑफिसातही सकाळपासून तोच विषय होता.

लोक तिला टाळून पुढे जात होते. मी थांबले. कारण मला या विषयावर खरंच बोलायचं होतं.

माझी ताई अमेरिकेत असते. कुठे ते लिहीत नाही, का ते कळेलच. आमच्या नागपूरच्या घरी निवडणूक म्हणजे सण, बाबा मतमोजणीच्या दिवशी चक्क रजा टाकायचे. ते वेड आम्हा दोघींत आलंय. तिकडची प्रायमरी असो की इकडची कौन्सिलची निवडणूक, ताईचा फोन ठरलेला, आणि मग तासभर वाद. खरं तर तिला तिकडे मतच नाही! इतकी वर्षं टॅक्स भरतेय, पण अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहे.

तर मी त्या मुलीला नीट सांगितलं... एका राज्याचा कल म्हणजे अख्ख्या देशाचा कल नव्हे. मत द्यायला आलेले बरेचसे लोक महागाईला कंटाळलेत, आणि तो राग कुणावर तरी काढायचा म्हणून आमच्यासारख्यांवर निघतोय. ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी इतकं मुद्देसूद बोलत नाही.

ती हसून मान डोलवत होती. मग म्हणाली, "पण एक इमिग्रंट म्हणून तुम्हाला भीती वाटते का?"

मी म्हटलं, "मला नाही. पण माझी बहीण तिकडे आहे, तिचं ग्रीन कार्ड व्हायचंय, तिला भीती वाटते. आणि इतकी वर्षं राबणाऱ्या माणसाला भीती वाटावी, ही त्या देशाला लाज आणणारी गोष्ट आहे." बोलण्याच्या भरात ताईच्या गावाचं नावही घेतलं.

संध्याकाळी सचिनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कौतुकाने टीव्ही लावला. आधी एक इंग्लिश आजोबा दाखवले. त्यांना त्या राज्याचं नावही आठवत नव्हतं, पण त्यांचं बोलणं सगळं ठेवलं होतं. खाली लिहिलेलं, 'निवृत्त इंजिनिअर'.

मग मी. "माझी बहीण तिकडे आहे, तिचं ग्रीन कार्ड व्हायचंय, तिला भीती वाटते." गावाच्या नावासकट. बस्स. पुढे लगेच हवामान. खाली माझं नाव आणि 'भारतीय स्थलांतरित'. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे हे मी तिला सांगितलं होतं...

आपल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर धडाधड हार्ट्स आले. किती गोड दिसतेस, कोट कुठून घेतलास... मी नक्की काय बोलले, हे एकीनेही विचारलं नाही. लागलं, पण तेही मी हसून सोडून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी चॅनलने तो तुकडा ऑनलाइन टाकला. खाली कमेंट्स. "हिलाही पाठवा आणि बहिणीलाही." याहून वाईट होत्या, त्या लिहीत नाही. कुणीतरी लिंक ताईला फॉरवर्ड केली.

तिचा फोन आला. "रेणू, ते काढायला सांग."

"काय गं?"

"तो व्हिडिओ. गाव सांगितलंस, ग्रीन कार्ड सांगितलंस... आपण दोघींनी माहेरचं आडनाव ठेवलंय, विसरलीस? शोधायला कितीसा वेळ लागतो?"

"अगं ताई, मी तुझ्याच बाजूने बोलले..."

"माझ्या बाजूने कुणी बोलूच नका. सध्या तेवढंच हवंय मला."

कॉलेजात प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसून भांडणारी ही मुलगी. तिचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

चॅनलला फोन केला. पलीकडचा माणूस फारच नम्र. म्हणाला, तुम्ही स्वखुशीने बोललात, आता काढता येणार नाही. पण तुमचा पॉइंट खूप आवडला म्हणे. कुठला पॉइंट? तो तर तुम्ही कापलात! मग त्याने विचारलं, "पुढच्या राज्याच्या निकालानंतर परत याल का? बहिणीला व्हिडिओ कॉलवर घेता आलं तर छानच."

मी फोन ठेवून दिला.

काल दुसऱ्या राज्याचा निकाल आला. मीच ताईला फोन लावला. म्हटलं, "पाहिलंस का? या राज्यात तर उलटंच झालं!"

ती म्हणाली, "इकडे खूप बर्फ पडलाय गं."

"ताई, अगं निकाल..."

"गाडी काढायला सकाळी फार त्रास होतो."

मग मला कळलं. मीही म्हटलं, इकडे नुसता पाऊस. आम्ही दोघी बराच वेळ हवेबद्दल बोललो आणि फोन ठेवला. सचिनने विचारलं, काय म्हणते ताई? मी म्हटलं, तिकडे बर्फ पडलाय.

टीव्हीवर रोज कुणीतरी सांगतंय, लोकांचं मत इकडे झुकलंय, तिकडे झुकलंय. ज्यांनी बोलायचंच सोडून दिलंय, त्यांचं मत यात कुठे धरतात कोण जाणे...

ही पोस्ट फक्त ओळखीच्यांसाठी आहे. तो व्हिडिओ तुमच्याकडे आला असेल तर प्लीज पुढे पाठवू नका. माझं कौतुक म्हणूनसुद्धा नको.