ताईने लिहिलेली धून

काल गिटारच्या तारा घ्यायला गेलो, तेव्हा दुकानात एक मुलगी नोटेशनचा कागद हातात धरून, वाद्याला हातही न लावता, नुसतं वाचून गुणगुणत होती. मी तारा न घेताच बाहेर आलो.

मी गिटार ऐकून ऐकून शिकलो. ताई मात्र शाळेत व्हायोलिन शिकवायची. "अरे, वाचायला शीक, फार अवघड नसतं," असं ती कितीदा म्हणाली असेल. मी म्हणायचो, "तू गा ना, मी वाजवतो." ती गायची आणि मी लगेच वाजवायचो.

मग घशाच्या आजारात तिचा आवाज गेला. हॉस्पिटलच्या खाटेवर बसून तिने कागदावर रेषा आखल्या, चार ओळींची धून लिहिली आणि वाजव म्हणून खूण केली. मला अजूनही वाचता येत नाही, हे त्या क्षणी सांगवेना. कागदाकडे बघत मी माझंच काहीतरी वाजवलं. वर म्हणालो, "छान झालीय गं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझा हात थोपटला आणि डोळे मिटले.

वाजवण्यासाठी नोटेशन लागतंच असं नाही, हे मी आजही म्हणेन. पण आपल्या माणसाकडे कधी कधी बोलायला तेवढंच उरलेलं असतं.

ती गेल्यावर मी वाचायला शिकलो. आता ती धून मला येते. संथ वाजवायची की जलद, ते तिने लिहिलेलं नाही.