कामत मॅडमचं पेन आणि माझी दुसरी ओळ

आमच्या स्टाफरूममधल्या कपाटाचं दार गेली तीन वर्षं बंद होत नाही. आत जुने पेपर ठासून भरलेत, असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर आत किस्से आहेत. मुलुंडच्या कॉलेजातला इतिहास विभाग, माणसं मोजून चार, आणि किस्से मात्र दर आठवड्याला ताजे! गंमत ऐकणाऱ्यांना वाटते. प्रत्येक किश्श्यात घाम फुटलेली मुलगी कोण असते, हे कुणी विचारत नाही.

ती मुलगी मी. श्वेता. तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे दर जूनला नव्याने अर्ज करते आणि नव्याने घाबरते. त्या अर्जावर विभागप्रमुखांचा शेरा लागतो. 'स्वहस्ते', असं फॉर्मवर छापलंय. विभागप्रमुख म्हणजे कामत मॅडम. आणि सगळा घोळ त्या 'स्वहस्ते' मध्येच आहे.

\*\*\*

कामत मॅडमचं अक्षर.

त्यांनी एकदा फळ्यावर सूचना लिहिली. अर्ध्या वर्गाने वाचलं, 'सोमवारी तास आहे.' उरलेल्यांनी वाचलं, 'सोमवारी तास नाही.' सोमवारी अर्धा वर्ग आला. मॅडम आल्याच नाहीत.

मंगळवारी मी भीत भीत विचारलं, "मॅडम, नक्की काय लिहिलं होतं?"

मॅडम फळ्यासमोर उभ्या राहिल्या, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, "गावडेला बोलव."

गावडेमामा आमच्या विभागाचे शिपाई. मूळचे मालवणकडचे. मॅडमचं अक्षर वाचू शकणारा अख्ख्या कॉलेजातला एकमेव माणूस! मुलं तपासलेले पेपर घेऊन त्यांच्याकडे रांग लावतात. "मामा, हा शेरा काय आहे?" मामा पेपर लांब धरतात आणि सांगतात, "अभ्यास वाढव, असा लिवलां."

मी एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला हे वाचता कसं येतं?"

"अक्षर खंय वाचतंय मी?" मामा म्हणाले. "मी मॅडमका वाचतंय!"

\*\*\*

तर अशा या कामत मॅडम वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी पीएचडी झाल्या. विषय मुलुंड-भांडुपची मिठागरं. अकरा वर्षं लागली. त्यातलं एक वर्ष केवळ टायपिस्टमुळे गेलं, असं मॅडम म्हणतात. टायपिस्ट म्हणतो, अक्षरामुळे.

झालं असं, की पहिलं प्रकरण टाइप होऊन आलं आणि मॅडमनी ते माझ्यासमोर टाकलं. मी वाचलं, 'पूर्व उपनगरातील मिठाईघरांचा ऱ्हास.' चाळीस पानं! प्रत्येक पानावर मिठाईघरं! 'पावसाळ्यात मिठाईघरांत पाणी शिरत असल्याने उत्पादन बंद राही.' 'मिठाईघरांतील मजुरांच्या पायांना जखमा होत.'

मी टायपिस्टला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मला पण वाटलं ना, पायाला जखमा कशा? पण म्हटलं, पीएचडी आहे, आपल्याला काय कळतंय!"

\*\*\*

मॅडमना भेट काय द्यायची, यावर मीटिंग बसली. मीटिंग म्हणजे विभागातले पाटील सर बोलतात आणि मी मान हलवते.

"फाउंटन पेनच!" पाटील सर टेबलावर हात आपटून म्हणाले. मी दचकले, चहा सांडला. "पीएचडीला बॉलपेन देणं म्हणजे लग्नाच्या आहेरात चहापावडर देणं! शाईचं पेन, जड, सोनेरी निबवालं. त्यावर नाव कोरलेलं. डॉक्टर लावून!"

"पण सर, मॅडमचं अक्षर..."

"अगं, शाईच्या पेनाने अक्षर सुधारतं! माझं बघ."

पाटील सरांचं अक्षर मी पाहिलंय.

"मग आणणार कोण?"

यावर तिथे असलेल्या प्रत्येकाने माझ्याकडे पाहिलं. गावडेमामांनीसुद्धा! माझा अर्ज तेव्हा मॅडमच्या टेबलावर शेऱ्याची वाट बघत पडला होता. हे पेन चुकलं तर आपली वाट लागली, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी "हो" म्हटलं.

\*\*\*

घाटकोपरला एक पेनाचं दुकान आहे. तिथले काका ग्राहकाला पेन देत नाहीत, स्थळ सुचवावं तसं सुचवतात.

"कुणासाठी? वय काय? दाबून लिहितात का हलक्या हाताने? निब फाइन पाहिजे, मीडियम का ब्रॉड?"

मॅडमसाठी, वय छप्पन्न, एवढंच मला सांगता आलं. व्हायवात बसल्यासारखं झालं.

"असं करा," काका म्हणाले, "त्यांचं अक्षर दाखवा. मी अक्षर बघून निब देतो."

फोनमध्ये मॅडमच्या एका सूचनेचा फोटो होता. मी पुढे केला. काकांनी तो मोठा केला. फोन आडवा केला. पुन्हा उभा केला. मग चेहरा गंभीर करून हळूच म्हणाले, "बेटा, हा कार्डिओग्राम आहे. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

सोबत आलेले पाटील सर तोवर एकेक पेन चालवून बघत होते. प्रत्येक पेनाने त्यांनी स्वतःचीच सही केली. बारा पेनं, बारा सह्या. "सगळीच झकास आहेत गं," ते म्हणाले. "कुठलंही घे!" एवढं बोलून सर रिक्षा पकडून गेले.

काकांनी शेवटी निळंशार, सोनेरी क्लिपचं एक पेन माझ्या हातात ठेवलं. "घ्या, लिहून बघा." मी निब कागदाला टेकवलं आणि मागे कुणीतरी शटर ओढलं. मी अशी उडाले की शाईची धार थेट काकांच्या पांढऱ्या शर्टावर!

काका शर्टाकडे बघत म्हणाले, "फ्लो चांगला आहे."

\*\*\*

आता नाव कोरणं. दुकानाच्या बाजूलाच मशीन घेऊन एक जण बसतो. "चिठ्ठीवर लिहून द्या," तो म्हणाला, "मी जसंच्या तसं कोरतो."

मी लिहिलं, 'डॉ. शैलजा कामत.'

मग मला धास्ती वाटली. याने 'शैलजा'ची मात्रा खाल्ली तर? म्हणून खाली आणखी एक ओळ लिहिली.

तासाभराने पेन हातात आलं. पहिली ओळ सुंदर होती. दुसरी त्याहून सुंदर.

'डॉ. शैलजा कामत
नीट लिहा'

मी पेन त्याच्यासमोर धरलं. "अहो, हे काय केलंत? दुसरी ओळ तुमच्यासाठी होती!"

"माझ्यासाठी?" तो चिठ्ठी नाचवत म्हणाला. "मग तसं लिहायचं ना! दोन ओळी दिल्या, दोन कोरल्या. जसंच्या तसं."

"पुसता येईल का?"

"मॅडम, कोरलंय. पाटी आहे का ती?"

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसरं पेन आणून कोरून घ्यायला वेळ नाही. मी पाटील सरांना फोन केला. सर दोन मिनिटं हसले आणि म्हणाले, "अगं, पेनावरचं कुणी वाचतं का!"

\*\*\*

मॅडमनी वाचलं.

हार झाला, भाषणं झाली, पाटील सरांनी खोका उघडून दिला. मॅडमनी पेन बाहेर काढलं, चष्मा लावला आणि फिरवून फिरवून बघितलं. मी हातात बटाटेवड्याची बशी घेऊन उभी होते. मी ती तोंडासमोर धरली.

"हे कुणी लिहून दिलं?" मॅडमनी विचारलं.

पाटील सरांनी तत्काळ माझ्याकडे बोट दाखवलं. इतकं तत्पर मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हं."

बस्स. फक्त "हं"! त्यानंतरचे चार दिवस मी त्या "हं"चे अर्थ लावत होते. जेवताना, शिकवताना. गावडेमामांनाही विचारलं. ते म्हणाले, "लिवलेला आसता तर सांगलं असतंय."

\*\*\*

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर माझा अर्ज, शेजारी निळं पेन, आणि मॅडमची बोटं शाईने माखलेली.

"घे. पाऊण तास लागलाय मला."

मी शेरा बघितला. खरं सांगते, माझे डोळेच भरून आले. मोत्याचे दाणे! प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. 'श्वेता मनापासून शिकवते. पुढील वर्षासाठी शिफारस करते. डॉ. शैलजा कामत.'

"नीट लिहा म्हणालीस ना?" मॅडम म्हणाल्या. "लिहिलं नीट."

मी धावत ऑफिसात गेले. हेडक्लार्क साळवींनी अर्ज घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघून थंडपणे विचारलं, "हा शेरा कुणी लिहिला?"

"कामत मॅडमनी."

"कुठल्या कामत मॅडमनी?"

त्यांनी कपाटातून जुन्या फायली काढल्या. शेजारी शेजारी ठेवल्या. मान हलवली आणि गावडेमामांना हाक मारली. मामा आले. अर्ज लांब धरला, उजेडात धरला, वास घेतला.

"अक्षर मोत्यासारख्या असा," मामा म्हणाले. "पण ह्या मॅडमचा न्हय!"

"मामा!" मी ओरडलेच.

"ताई, खोटा कशाक बोलू? माका ह्यातला सगळा वाचूक येता!"

शेवटी मॅडमनाच खाली बोलावलं. "अहो, मीच लिहिलंय!" मॅडम म्हणाल्या.

साळवींनी हात जोडले. "मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे हो. पण रेकॉर्डशी जुळायला पाहिजे ना! उद्या वरून कुणी विचारलं, तर मी काय सांगू?"

मॅडमनी साळवींकडे पाहिलं. मग पेनाकडे. मग माझ्याकडे. निळ्या पेनाला टोपण लावून ते पर्समध्ये टाकलं. काउंटरला दोरीने बांधलेलं बॉलपेन ओढलं आणि त्या मोत्यांखाली फर्रकन एक ओळ मारली. त्यात काय लिहिलंय ते मला आजवर कळलेलं नाही.

साळवींनी तिथल्या तिथे शिक्का मारला.

गावडेमामा वाकून बघत खुशीत म्हणाले, "हां! आता कसा स्पष्ट दिसता!"