बोटांवर उरलेली क्रीम

आई मंगळवारी गेली.

परळच्या आमच्या चाळीतली शेजारीण रोज कामावर निघताना गॅलरीत उभी राहून झोप न झालेल्या चेहऱ्याला क्रीम लावायची, लिपस्टिक लागलेलं बोट गालांवरही फिरवायची आणि मधेच मुलीवर ओरडायची, "गो, डबो घेतलंस?" बोटांवर उरलेली क्रीम ती माझ्या आईच्या गालांना पुसायची. "काकी, हिरोइन दिसतास!" आई लाजायची.

त्या मंगळवारी आईला अंघोळ घातल्यावर शेजारणीनं क्रीमची डबी उघडली. एक बाई म्हणाली, "विधवेला कसला नट्टापट्टा?"

"नट्टापट्टा नाय. काकी कोरड्या तोंडान कशी जातली?" असं म्हणून तिनं आईच्या गालांना क्रीम लावली.

तिच्या बोटांवर अजूनही रोज क्रीम उरते. आता ती कोपरांना पुसते.