मुकादमांची वाट आणि साडूंची शिडी

आमच्या गोदामाचे मुकादम शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांचे साडू तिथेच बांधणीच्या टेबलावर काम करीत, कमी बोलत, आणि सारे त्यांना 'निवांत' म्हणत. मुकादमांचा जळफळाट नेमका या निवांतपणामुळे होई. स्वतः घसा कोरडा करूनही जे साधत नसे, ते या माणसाला न बोलता कसे साधते?

मुकादमांची एक रीत होती. कपाटांमधल्या अरुंद वाटेत दोन ढकलगाड्या समोरासमोर आल्या, तर रिकामीने बाजूला व्हायचे आणि भरलेलीला जाऊ द्यायचे. हे ते दिवसभर ओरडून सांगत. निवांतांचीही एक रीत होती, पण तिचा उच्चार त्यांनी कधी केला नाही. कोणी शिडीवर चढलेले दिसले, की शिडीला धक्का लागू नये म्हणून तो माणूस खाली उतरेपर्यंत निवांत तिच्यापाशी थांबत. बघता बघता इतरही थांबू लागले.

पुढे आपणहून चालणाऱ्या गाड्या आल्या. त्यांच्याबरोबर आलेली इंजिनिअर मुलगी म्हणाली, "टक्कर टाळायची, एवढंच यांना शिकवलंय. इथल्या रीती या स्वतः बघणार. किती जण पाळतात, मोडली तर कोणी टोकतं का, पाळल्यानं काम किती अडतं, हे सगळं ताडून ती उचलायची की नाही ते ठरवणार."

या गाड्यांचा प्रमुख नेमणे हे व्यवस्थापक म्हणून माझे काम होते. वरच्या मजल्यावरची काचेची खोली त्या पदाबरोबर मिळणार होती. नावे दोनच होती: मुकादम आणि त्यांचे साडू.

मुकादम वाटेच्या तोंडाशी उभे राहिले, की रिकाम्या गाड्या मुकाट बाजूला होत. "बघा साहेब, माझ्या शब्दाबाहेर नाहीत!" असे ते मला हटकून ऐकवीत. घरीही हाच विषय असे. त्यांची पत्नी म्हणे, "ताईच्या ह्यांचं नाव घेतल्याशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरत नाही का?" हे मला निवांतांकडून कळले, बहिणी-बहिणींत काय लपते?

एके दुपारी मुकादम काचेच्या खोलीत गेले. आपली खुर्ची कुठे ठेवावी, हे त्यांना पाहायचे होते. सहज त्यांनी खाली नजर टाकली. एक रिकामी गाडी अरुंद वाटेत बिनदिक्कत घुसली आणि तिने भरलेलीला मागे हटवले. तीच गाडी पुढे शिडीपाशी मात्र शहाण्यासारखी थांबली. मुकादम तडक खाली बांधणीच्या टेबलापाशी आले.

"काय हो साडूभाऊ, पोरीला फितवून तुमचीच रीत आत भरलीत का?"

"मला टीव्हीचा रिमोट धड चालवता येत नाही, दादा."

इंजिनिअर मुलगी मध्ये पडली. "काका, कोणी काही भरलेलं नाही. तुम्ही समोर असलात की माणसं थांबतात, म्हणून गाड्याही थांबतात. तुमची पाठ फिरली की कोणीच थांबत नाही. आणि तुम्ही स्वतः तर रिकामी गाडी दामटत नेता. गाड्यांच्या लेखी ही रीत नाही, तुमचा पहारा आहे."

"अगं, मी मुकादम आहे! मला घाई असते!"

"ते त्यांना कुठे कळतं?"

टेबलावरच्या बायका खुदकन हसल्या. निवांत हसले नाहीत, आणि मुकादमांना तेच अधिक झोंबले.

काचेची खोली मी निवांतांना दिली. मुकादमांनी साडूंशी अबोला धरला. पण दुसऱ्याच सकाळी मी वरून पाहिले: मुकादम रिकामी गाडी घेऊन वाटेत होते आणि समोरून भरलेली येत होती. आसपास कोणी नाही, याची त्यांनी खात्री करून घेतली आणि मग अंग चोरून कपाटाला टेकून उभे राहिले. पुढे कोणी असो वा नसो, हे रोजचेच झाले. यात उपरती किती आणि ईर्षा किती, हे तोलणे कठीण आहे. मात्र भरलेली गाडी गेली, की ते काचेकडे ज्या नजरेने पाहत, त्यावरून ईर्षेचेच पारडे जड असावे. यथावकाश माणसेही थांबू लागली.

अखेर इंजिनिअर मुलगी आनंदाने सांगत आली, "काका, काल तुम्ही रजेवर होतात, तरी गाड्या थांबत होत्या. उचलली त्यांनी तुमची रीत!"

मुकादमांच्या चेहऱ्यावर हसू उमटले आणि लगेच मावळले. "शिडीची उचलायला किती वेळ लागला होता?"

"ती जरा लवकर उचलली होती."

"उचलणारच!" मुकादम काचेकडे पाहत म्हणाले. "शिडीपाशी काय, कोणीही थांबेल. अरुंद वाटेत थांबून दाखवा म्हणावं."