शुद्ध रक्ताची कुत्री

धाकट्या दिरांना मी अजून भाऊजी म्हणते, पण ते लोकांसमोर. मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचं घर बनारसमध्ये, रामघाटाच्या गल्लीत. दीर भिक्षुकी करतात आणि उरलेला वेळ मोबाइलवर बर्फातल्या शर्यती बघतात. कुत्री जिवाच्या आकांतानं गाडी ओढतायत, मागे माणूस ऐटीत उभा. त्या वेडापायी त्यांनी दिल्लीहून त्याच बर्फातल्या जातीची, हस्की कुत्री आणली. निळे डोळे, अंगावर ही एवढी लोकर. बनारसच्या उन्हाळ्यात! "असली आहे वहिनी, पणजीपर्यंत शुद्ध," असं गल्लीभर सांगत सुटले. तिचं गोत्र तेवढं सांगायचं राहिलं होतं.

कुत्री मात्र गुणाची. मी मोरीत पाणी ओतलं की त्यात पोट टेकून पडायची आणि माझ्या पावलावर हनुवटी ठेवायची. गल्लीतला तांबडा कुत्रा दारात आला की हिची शेपटी हलायची, आणि दीर काठी घेऊन धावायचे. रक्त बिघडेल म्हणे!

एकदा मी मोबाइलवर वाचून त्यांना सांगितलं, "अहो भाऊजी, त्या शर्यती जिंकणारी कुत्री बहुतेक मिश्रच असतात. जे धावतं त्याचीच पिल्लं ठेवतात, जात कोण बघतंय?" ताट सरकवून म्हणाले, "तुम्हाला मिश्रच आवडणार." माझे वडील मराठी, आई इथलीच, हिंदी बोलणारी. या घरात आल्यापासून मी हे ऐकतेय.

वैशाखात त्यांच्या डोक्यात शिरलं की गंगेपलीकडच्या रेतीवर तिला गाडी ओढायला लावायची आणि व्हिडिओ काढायचा. गाडी म्हणजे काय, तर माझ्या लग्नातला पाट, त्याला दोरी. मी म्हटलं, पहाटे न्या, रेती गार असते. छे! पंचांग काढलं. अभिजित मुहूर्त धरला, म्हणजे ऐन भर दुपार. वर पूजा होईपर्यंत तिला कडक उपास, पाणीसुद्धा नाही. "अहो, जनावर आहे ते!" मी ओरडले. माझा नवरा पेपरात डोकं घालून बसला. शेवटी पाण्याच्या बाटल्या भरून मीच त्यांच्याबरोबर नावेत चढले.

रेतीचा चटका चपलेतून लागत होता. दिरांनी तिला कुंकू लावलं, ओवाळलं, स्वतः पाटावर बसले आणि म्हणाले, "चल!" बिचारीनं थोडं ओढलं. मग वळून माझ्याकडे बघितलं आणि पाय दुमडून खाली बसली. आणि हा मेला दोरी हिसडतोय! मी त्याला ढकललं. हो, ढकललंच. दोरी सोडली, सगळ्या बाटल्या तिच्यावर ओतल्या, त्याच पाटावर घालून तिला पाण्यापर्यंत ओढत नेलं आणि गंगेत मांडीवर घेऊन बसले. बाहेर आलेली जीभ आत गेलीच नाही. थोड्या वेळानं धापही थांबली.

दीर काठावर उभे होते. मला वाटलं, आता तरी रडतील. ते म्हणाले, "फसवलं त्या दिल्लीवाल्यानं. भेसळ असणार. शुद्ध असती तर धावली असती."

मला हे शब्द नवे नव्हते. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, मी आतल्या खोलीत पडले होते, तेव्हा दाराबाहेर याच माणसानं सासूबाईंना, तेव्हा त्या हयात होत्या, सांगितलं होतं, "आई, रक्तातच भेसळ. टिकणार कसं?" मी ऐकलं होतं, आणि अंगात त्राण आल्यावर उठून त्याला जेवायला वाढलंही होतं.

त्या संध्याकाळी मी दोनच पानं घेतली, नवऱ्याचं आणि माझं. दीर हातपाय धुऊन आले, बघत उभे राहिले.

"वहिनी, माझं पान?"

"भेसळीच्या हातचं आहे, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्हाला चालायचं नाही."